रंगकामाच्या ठेकेदारासाठी पब्लिक लायबिलिटी विमा: पॉलिसी निवडण्यापासून क्लेमपर्यंत

रंगकाम चालू असताना तिऱ्हाइताचं नुकसान होतं, त्यात रंगाचा दोष क्वचितच असतो. परांचीचा बांबू सुटतो, पाचव्या मजल्यावरून बादली निसटते, घासलेल्या पुट्टीची धूळ शेजारच्या दवाखान्याच्या एसीत जाऊन बसते, रंग वाळावा म्हणून उघडी ठेवलेली खिडकी रात्री तशीच राहते आणि अवकाळी पाऊस लाकडी फ्लोअरिंगवर साचतो. याची भरपाई तुमच्या खिशातून जाणार की विमा कंपनीच्या, हे अपघाताच्या दिवशी ठरत नाही. पॉलिसी घेताना जो प्रपोजल फॉर्म एजंटने भरला आणि तुम्ही न वाचता सही केली, तिथेच ते ठरलेलं असतं. म्हणून हप्ता किती याआधी फॉर्मवर काय लिहायचं, हे बघायला हवं.

आधी योग्य पॉलिसी कोणती ते ओळखा

भारतात रंगारी ठेकेदाराने हा विमा घेतलाच पाहिजे असा स्वतंत्र कायदा नाही. जबाबदारी मात्र आहेच. निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीसाठी दिवाणी दावा होतो, सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली आयोगाकडे तक्रार होते, आणि माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल होतो. यातली भरपाई विमा उचलू शकतो. फौजदारी दंड आणि शिक्षा कोणतीही पॉलिसी उचलत नाही.

बाजारात मिळतीजुळती नावं असलेल्या पॉलिसी आहेत आणि पहिली गफलत तिथेच होते.

भोपाळच्या १९८४च्या वायुदुर्घटनेनंतर १९९१ साली पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा आला. तो घातक रसायनं ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त हाताळणाऱ्या कारखानदारांसाठी आहे. त्याखालच्या पॉलिसीला बाजारात ‘ॲक्ट पॉलिसी’ म्हणतात. टेंडरमध्ये ‘पब्लिक लायबिलिटी’ हा शब्द वाचून कोणी हीच गळ्यात मारली, तर सोसायटीची फाइल पूर्ण होईल, पण मोटारीच्या फुटलेल्या काचेचा एक रुपयाही मिळणार नाही.

तुम्हाला हवी ती ‘पब्लिक लायबिलिटी, नॉन-इंडस्ट्रियल रिस्क’ पॉलिसी. तुमच्या कामामुळे तिऱ्हाइताला झालेली इजा, मृत्यू किंवा मालमत्तेचं नुकसान आणि कंपनीच्या संमतीने केलेला कोर्टखर्च यात येतो. तिचाच मोठा भाऊ म्हणजे कमर्शियल जनरल लायबिलिटी, बोलीभाषेत ‘सीजीएल’. मॉल, आयटी पार्क, हॉटेल अशा कॉर्पोरेट गिऱ्हाइकांना बहुतेक तीच लागते.

नवीन बांधकामावर किंवा संपूर्ण इमारतीच्या दुरुस्ती-रंगकामाच्या मोठ्या कंत्राटात ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ म्हणजे सीएआर पॉलिसी मागतात. तिचा पहिला भाग कामासाठी असतो आणि दुसरा तिऱ्हाइतासाठी. ती एका साइटपुरती असते. वर्षभरात पन्नास फ्लॅट रंगवणाऱ्याला वार्षिक पब्लिक लायबिलिटी, म्हणजे ‘पीएल’ पॉलिसीच सोयीची.

आणि कामगारांची पॉलिसी पूर्णपणे वेगळी. ही गोष्ट ठळक अक्षरात लिहून ठेवावी, कारण झुल्यावरून पडतो तो तुमचा माणूस, आणि तुमचा माणूस पीएलच्या भाषेत ‘तिऱ्हाईत’ नसतो. त्याच्यासाठी कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी लागते. लोक अजून तिला ‘डब्ल्यूसी’ (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) म्हणतात. १९२३चा मूळ कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला आहे, पण हिशेबाची पद्धत तीच: मृत्यू झाला तर मासिक मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला घटक. मजुरी १५,००० धरली आणि कामगार ३० वर्षांचा असेल तर ७,५०० × २०७.९८ = १५,५९,८५० रुपये. २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून दिला की झालं, असं समजणारे ठेकेदार पुष्कळ आहेत. त्यात अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात आणि ते घरच्यांना मिळायलाच हवेत, पण तुमची देणेदारी त्याने एका पैशानेही कमी होत नाही. बांधकाम कामगार मंडळातल्या नोंदणीचंही तसंच. नोंदणी जरूर करून द्या, पण तो ठेकेदाराचा विमा नव्हे.

मर्यादा किती घ्यायची

पीएल पॉलिसीवर दोन आकडे असतात. ‘एओए’ म्हणजे एका अपघाताला जास्तीत जास्त किती, आणि ‘एओवाय’ म्हणजे वर्षभरात मिळून किती. त्यांचं प्रमाण १:१ ते १:४ असं निवडता येतं. एओए २५ लाख आणि प्रमाण १:२ असेल, तर एका घटनेला २५ लाख आणि वर्षात एकूण ५० लाख.

बरेच जण टेंडरमध्ये लिहिलेला किमान आकडा घेतात. तो आकडा अनेकदा जुन्या टेंडरवरून उतरवलेला असतो. त्यापेक्षा स्वतः हिशेब मांडा.

मालमत्तेचा हिशेब सोपा आहे. तुम्ही काम करता त्या जागेत एका घटनेत सर्वात महाग काय बिघडू शकतं? इटालियन मार्बलचा हॉल, आयात मोटार, तळमजल्यावरचं सोन्याचं दुकान, सर्व्हर रूम. फक्त वन बीएचके रंगवणाऱ्याचा आणि टॉवरचा बाहेरचा रंग घेणाऱ्याचा आकडा एक असूच शकत नाही.

माणसाचा हिशेब जड जातो. मोटार अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००९च्या सरला वर्मा आणि २०१७च्या प्रणय सेठी निकालांत एक रीत घालून दिली. इतर अपघातांतही वकील आकडा मांडतात तो याच रीतीच्या आधाराने. समजा, खालून जाणारा ३२ वर्षांचा दुकानदार डोक्यात बांबू पडून गेला. महिन्याची मिळकत ४०,०००, घरात चार जण अवलंबून. वर्षाचे ४,८०,०००. भावी वाढीचे ४० टक्के धरून ६,७२,०००. स्वतःच्या खर्चाचा पाव भाग वजा केला की ५,०४,०००. या वयाला गुणक १६. एकूण ८०,६४,००० रुपये, बाकीच्या किरकोळ रकमा वेगळ्या. आता १० लाखांच्या पॉलिसीकडे बघा. रस्त्याला लागून बाहेरचं काम घेणाऱ्याने एओए १ कोटीखाली ठेवू नये, असं आमचं मत आहे. मर्यादा दुप्पट केली म्हणून हप्ता सहसा दुप्पट होत नाही, तेव्हा २५ लाख, ५० लाख आणि १ कोटी अशी तीन कोटेशनं मागवा.

प्रपोजल फॉर्म: शब्द न् शब्द

विमाधारकाचं नाव. वर्कऑर्डर, जीएसटी आणि पॉलिसी, तिन्हीकडे एकच नाव हवं. पॉलिसी मालकाच्या नावावर आणि वर्कऑर्डर भावाबरोबरच्या भागीदारी फर्मवर, असं असेल तर नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरचा पहिला प्रश्न तोच असतो.

व्यवसायाचं वर्णन. इथे एजंट ‘पेंटिंग वर्क’ किंवा ‘इंटिरिअर पेंटिंग’ एवढंच टाकतो. हे सर्वात महाग पडणारे दोन शब्द आहेत. प्रत्यक्ष करता ते सगळं लिहा: इमारतींचं आतलं व बाहेरचं रंगकाम, पुट्टी व घासकाम, टेक्स्चर, वॉलपेपर, लाकडाला पीयू व मेलामाइन पॉलिश, वॉटरप्रूफिंग, गंज काढून एपॉक्सी, एअरलेस स्प्रे, बांबूची किंवा लोखंडी परांची, दोरीचा झुला, यांत्रिक पाळणा. पीओपीची फॉल्स सीलिंग किंवा किरकोळ प्लास्टरही घेत असाल तर तेही. फॉर्मवर नसलेल्या कामात अपघात झाला की तिथेच फाइल बंद होते.

उंची. जास्तीत जास्त किती मीटरवर काम करता, हे फॉर्मवर विचारलेलं असेल तर खरं सांगा. विचारलेलं नसेल तर आपणहून लिहा आणि पॉलिसीत उंचीची मर्यादा नाही ना, ते बघा. १० मीटरची अट घालून स्वस्तात दिलेली पॉलिसी चौथ्या मजल्यावर निरुपयोगी.

उष्णतेचं काम. जुना ऑइलपेंट काढायला हीट गन किंवा ब्लो लॅम्प वापरता का? बऱ्याच पॉलिसींत हे वगळलेलं असतं किंवा अग्निशामक जवळ ठेवण्याची अट असते. थिनरच्या कॅनशेजारी हीट गन चालवणं हा काही काल्पनिक प्रसंग नाही.

वार्षिक उलाढाल. हप्ता यावर बेततात म्हणून कमी सांगायचा मोह होतो. पण क्लेमच्या वेळी जीएसटी रिटर्न मागितले जातात. ६० लाखांच्या धंद्याला २० लाख लिहिले असतील तर क्लेम कापला जातो किंवा नाकारला जातो. मजुरीवरचं काम आणि मटेरियलसह काम दोन्ही मिळवून आकडा द्या.

मुकादमाच्या टोळ्या. आपल्याकडे रंगाचं निम्मं काम पोटठेक्यावर चालतं. मुकादम आठ माणसं आणतो, पैसे चौरस फुटावर ठरतात. त्या टोळीच्या हातून काही घडलं तर गिऱ्हाईक तुम्हालाच धरणार. पोटठेकेदारांच्या कृतीतून येणारी तुमची जबाबदारी पॉलिसीत धरली आहे, असं स्पष्ट वाक्य किंवा एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडलेली लेखी पुरवणी) मागा. डब्ल्यूसी पॉलिसीतही त्यांची माणसं मोजलेली हवीत.

जे वगळलेलं असतं

पॉलिसीत आधी वगळण्याचं पान वाचावं. रंगारी तिथे चार ठिकाणी अडकतो.

पहिली जागा म्हणजे प्रत्यक्ष काम. भिंतीचा रंग उडाला, शेड चुकली, पॉलिशला फोड आले, पुट्टी सुटली, तर पुन्हा करून देणं हा तुमचा खर्च. पीएल त्यासाठी नाहीच.

दुसरी जागा खरी अवघड: ‘ताब्यातली मालमत्ता’. विमाधारकाच्या ताब्यात, देखरेखीत किंवा नियंत्रणात असलेल्या वस्तूचं नुकसान वगळलेलं असतं. आता घरमालक किल्ली देऊन पंधरा दिवस गावी गेला. फरशी, सोफा, मॉड्युलर किचन, सगळंच तुमच्या ताब्यात, असा अर्थ कंपनी काढू शकते. समजा, पीयू पॉलिशचा थिनर प्लॅस्टिकखाली झिरपला आणि इटालियन मार्बलच्या चार लाद्यांवर डाग बसले. लादीवर काम करत नव्हतो, कपाटावर करत होतो, असं तुम्ही म्हणाल. घर ताब्यात होतं, असं कंपनी म्हणेल. म्हणून आधीच ईमेलवर विचारा: ‘ज्या भागावर काम चालू आहे तो सोडून त्याच जागेतली गिऱ्हाइकाची इतर मालमत्ता संरक्षित आहे का?’ होकार लेखी घ्या, शक्यतो एंडोर्समेंट म्हणून. सीएआर पॉलिसीत यासाठी ‘ओनर्स सराउंडिंग प्रॉपर्टी’ नावाचं वेगळं कलम मिळतं.

तिसरी जागा प्रदूषण. थिनरचा वास, स्प्रेचे उडालेले कण, ओतून दिलेलं ब्रशचं पाणी हे सगळं त्या कलमात ओढता येतं. ‘अचानक व अपघाती’ प्रदूषणाचं एक्स्टेन्शन मिळतं, ते घ्या आणि स्प्रेचा उडालेला रंग त्यात किंवा मूळ पॉलिसीत धरला आहे, हे लिहून घ्या.

चौथी जागा करारातून ओढवून घेतलेली जबाबदारी. ‘साइटवरील कोणत्याही नुकसानीस, कारण काहीही असो, ठेकेदार जबाबदार’ असं कलम सोसायट्यांच्या करारात सर्रास असतं. कायद्याने जी जबाबदारी तुमची नव्हतीच, ती तुम्ही सही करून घेतली, तर ती विम्यात येत नाही. करारात ‘ठेकेदाराच्या किंवा त्याच्या माणसांच्या निष्काळजीपणामुळे’ हे शब्द घालून घ्या. कमिटी सहसा हरकत घेत नाही.

एक्सेस आणि बारा मोटारी

प्रत्येक क्लेममधली पहिली ठरावीक रक्कम तुमची; तिला एक्सेस म्हणतात. रंगाऱ्याला ती जास्त बोचते, कारण त्याची नुकसानं छोटी आणि अनेक असतात.

उदाहरण ओव्हरस्प्रेचं. वाऱ्याच्या दिवशी बाहेरच्या भिंतीवर एअरलेस मशीन चालवलं आणि कंपाउंडमधल्या बारा मोटारींवर बारीक ठिपके बसले. पाण्याच्या इमल्शनचे ठिपके ओले असताना पाण्याने निघतात, वाळल्यावर डिटेलिंगवाल्याला क्ले बार घासून काढावे लागतात. पीयू किंवा ऑइलपेंट असेल तर रबिंग-पॉलिशपर्यंत प्रकरण जातं. एका गाडीचा खर्च कदाचित एक्सेसपेक्षा कमी. मग बारा वेगळे क्लेम की एकाच कारणातून झालेला एक अपघात? एकच अपघात धरला तर एक्सेस एकदाच वजा होतो आणि उरलेलं मिळतं. वेगवेगळे धरले तर हातात शून्य. ‘एका कारणातून झालेली सर्व नुकसानं म्हणजे एक अपघात’ अशी व्याख्या तुमच्या पॉलिसीत आहे का, हे सही करण्याआधी बघा. आणि कव्हर टाकायची पद्धत ठेवाच. सकाळी वॉचमनकडून गाड्या हलवून घेणं सगळ्यात स्वस्त.

हप्ता, तारीख आणि सोसायटीची कागदं

विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४व्हीबीप्रमाणे हप्ता मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही. एजंट म्हणाला ‘झालं काम, उद्या पैसे भरा’, तर उद्यापर्यंत तुम्ही उघडे आहात. परांची बांधायला सुरुवात होण्याआधी पॉलिसी सुरू झालेली हवी, कारण बांधताना आणि उतरवतानाच बांबू जास्त पडतात. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. नियमित करदाते असाल तर त्याचं इनपुट क्रेडिट घेता येतं, जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर नाही.

सोसायटी किंवा आर्किटेक्ट पॉलिसीची प्रत मागतो. ‘सोसायटीचं नाव ॲडिशनल इन्शुअर्ड (जादा विमाधारक) म्हणून घाला’ असं म्हटलं, तर ते एंडोर्समेंटने करून घ्या. कमिटीत असाल तर उलट बाजूने तीन गोष्टी बघा: पॉलिसीचा प्रकार, व्यवसायाच्या वर्णनात बाहेरचं व उंचीवरचं काम, आणि मुदत. काम लांबणार हे गृहीतच धरा. ऑक्टोबरला सुरू झालेलं काम मेच्या शेवटी पावसाच्या तोंडावर घाईने उरकलं जातं आणि पॉलिसी कधीच संपलेली असते.

अपघात झाला तर

आधी माणूस, मग काम थांबवा, मग खालचा भाग दोरी बांधून अडवा. पुढचं असं:

१. फोटो काढा. लांबून एक, मधून एक, जवळून एक. बांबू पडला असेल तर सुटलेला काथ्या किंवा दोरीही. तुटलेली वस्तू टाकून देऊ नका. सर्व्हेअरला ती बघायची असते.

२. कबुली देऊ नका. ‘चूक आमचीच, सगळं भरून देतो’ असा व्हॉट्सॲप मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर गेला की कंपनीच्या हातात कारण मिळतं. त्यांच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करू नये, अशी अट जवळपास प्रत्येक पॉलिसीत असते. ‘झालेल्या प्रकाराचं वाईट वाटतं, विमा कंपनीला कळवलं आहे, त्यांचा माणूस पाहणीला येईल’ एवढं पुरे. जखमीला दवाखान्यात नेणं ही कबुली नव्हे, ते बिनधास्त करा.

३. त्याच दिवशी ईमेल करा. पॉलिसी क्रमांक, वेळ, जागा, काय झालं, कोणाचं नुकसान, अंदाजे रक्कम. एजंटला फोन केला म्हणजे कंपनीला कळवलं असं नाही.

४. नुकसान झालेल्याकडून लेखी मागणी घ्या. पीएलमध्ये क्लेम त्याचा असतो, तुमच्यावर. त्याची मागणीच नसेल तर कंपनी देणार कशाचे पैसे? मोटारमालकाने स्वतःच्या विम्यातून दुरुस्ती केली तर त्याची विमा कंपनी नंतर तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते. ती नोटीसही लगेच पुढे पाठवा.

५. कागद जमवा: वर्कऑर्डर, त्या दिवसाची हजेरी, मुकादमाशी झालेला करार, दुरुस्तीची दोन अंदाजपत्रकं, पोलिसांत गेलं असेल तर एफआयआर आणि पंचनामा. सेफ्टी बेल्ट, जाळी, ‘खाली उभे राहू नका’चा फलक यांचे रोजचे फोटो असतील तर प्रकरण निम्मं हलकं होतं.

६. सर्व्हेअरला विचारल्याचं उत्तर द्या, अंदाज करू नका.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी जा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत आणि फी नाही. मर्यादा ५० लाखांची. एकमालकी धंदा किंवा सूक्ष्म उद्योग असाल तरच हा रस्ता खुला आहे, म्हणून भागीदारी फर्मने उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र फाइलला लावून ठेवावं.

नूतनीकरण चुकवू नका

पीएल पॉलिसी बहुधा ‘क्लेम्स मेड’ पद्धतीची असते: अपघात रेट्रोॲक्टिव्ह तारखेनंतर (पॉलिसीवर छापलेली, जिच्या आधीचे अपघात धरले जात नाहीत ती तारीख) घडलेला हवा आणि मागणी पॉलिसी चालू असताना आलेली हवी. ग्राहक आयोगात तक्रार करायला मात्र दोन वर्षांची मुदत आहे. मार्चमध्ये जिना ओला ठेवल्याने कोणी पडलं, नोटीस पुढच्या जानेवारीत आली आणि मधे पॉलिसी बंद पडली, तर हप्ता भरूनही हात रिकामे. दोन उपाय. घटना घडताच, मागणी आली नसली तरी कंपनीला लेखी कळवा. बहुतेक पॉलिसींत अशा आगाऊ सूचनेमुळे नंतर येणारा क्लेम त्याच वर्षात धरला जातो. दुसरं, नूतनीकरण मुदतीआधी करा आणि कंपनी बदलली तरी जुनीच रेट्रोॲक्टिव्ह तारीख नव्या पॉलिसीत छापून घ्या. ती तारीख पुढे सरकवून हप्ता स्वस्त केलेलं कोटेशन आलं, तर ते परत पाठवा.